खोका दिसतो, सडलेली मेथी दिसत नाही

वाचकाचं पत्र

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. दोघंही नोकरी करतो, मुलगी नऊ वर्षांची आहे. गेल्या हिवाळ्यात नवऱ्याने मील किट मागवायला सुरुवात केली. आठवड्यातून एकदा दारात खोका येतो. त्यात तीन रात्रींच्या जेवणाचं मोजूनमापून दिलेलं सामान आणि पाककृतीची कार्डं असतात. आम्ही बहुतेक वेळा शाकाहारी पदार्थ निवडतो, मधूनच एखादं चिकन.

सध्या सासूबाई पार्ल्याहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. खोका उघडताना त्यांनी पाहिला आणि त्या हबकल्याच. लसणाच्या दोन पाकळ्यांना पिशवी, चमचाभर सोया सॉसला पुडी, तळाशी बर्फाची दोन जाड पाकिटं. म्हणाल्या, "ह्यांचा डबा रोज फोर्टला जायचा, पण संध्याकाळी तोच डबा घरी यायचा. हे सगळं कुठे परत जाणार?" मला उत्तर देता आलं नाही.

माझी एक मैत्रीण म्हणते, किटमुळे आमचं बाहेरचं खाणं थांबलं, वजन उतरलं. दुसरी म्हणते, त्यात मीठ भरमसाट असतं. नवऱ्याला वर्षभरापूर्वी बीपी निघालं आहे, त्यामुळे हे ऐकून मी धास्तावले. त्याचं म्हणणं, त्याने कुठेतरी वाचलंय की दुकानातून सामान आणण्यापेक्षा किटच पर्यावरणाला बरं. खरं काय धरायचं?

आणखी एक, जे घरात कोणाशी बोललेले नाही. किटच्या दिवशी नवरा कार्ड समोर ठेवून स्वतः स्वयंपाक करतो. बारा वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच घडतंय. खोका बंद केला तर तेही बंद पडेल, अशी भीती वाटते.

— एडिसनची एक वाचक

उत्तर

तुमच्या यजमानांनी वाचलेलं खरं आहे. सासूबाईंचा प्रश्नही तितकाच खरा आहे. घरातला वाद इथेच अडलाय, म्हणून आधी तो सोडवू. बीपीकडे नंतर येते, आणि तुमच्या पत्रातल्या शेवटच्या परिच्छेदाकडे त्याहून नंतर, कारण त्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

२०१९ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी एक तुलना प्रसिद्ध केली. पाच जेवणं घेतली: सॅमन, चीजबर्गर, चिकन, पास्ता आणि सॅलड. प्रत्येक जेवण एकदा ब्लू एप्रन या मील किट कंपनीच्या किटमधून आणि एकदा दुकानातून आणलेल्या सामानातून. मग शेतापासून कचरा डेपोपर्यंत प्रत्येक टप्प्यावर किती हरितगृह वायू हवेत जातात याचा हिशेब मांडला. किटच्या जेवणामागे सरासरी ६.१ किलो कार्बन डायऑक्साइडएवढा भार निघाला आणि दुकानातल्या सामानाच्या जेवणामागे ८.१ किलो. म्हणजे दुकानाचं पारडं ३३ टक्क्यांनी जड. तुमच्या यजमानांच्या वाचनात आलं असेल ते बहुधा हेच.

हा निकाल ऐकून पुष्कळांना धक्का बसला होता, कारण वेष्टनाचा कचरा किटचाच जास्त होता आणि संशोधकांनीही तसंच म्हटलं होतं. फरक पडला तो इतर ठिकाणी. किटमध्ये मोजून सामान येतं, त्यामुळे फेकलं जाणारं अन्न कमी. सामान गोदामातून थेट घरी येतं, मध्ये सुपरमार्केट नाही. दुकानात न खपलेला माल तिथेच सडतो, त्याचा भार शेवटी आपल्याच ताटावर येतो, तो इथे वाचतो. आणि डिलिव्हरीचा ट्रक एका फेरीत कित्येक घरं करतो, तर आपण दोन पिशव्यांसाठी स्वतंत्र गाडी काढतो. घरापर्यंतच्या या शेवटच्या प्रवासाचा वाटा दुकानातल्या जेवणात ११ टक्के होता, किटमध्ये ४ टक्के.

आता यातली मेख. ही तुलना सरासरी अमेरिकी घर धरून केलेली आहे, आणि ते घर खूप अन्न फेकतं. या देशात पिकणाऱ्या आणि विकल्या जाणाऱ्या अन्नातलं ३० ते ४० टक्के वाया जातं, असा अमेरिकेच्या कृषी खात्याचाच अंदाज आहे. फेकलेल्या अन्नाबरोबर ते पिकवायला लागलेलं पाणी, खत, डिझेल सगळंच फुकट जातं. शिवाय डेपोत पुरलेलं अन्न हवेविना कुजतं आणि त्यातून मिथेन निघतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२३ मध्ये सांगितलं की कचरा डेपोंमधून हवेत निसटणाऱ्या मिथेनपैकी ५८ टक्के पुरलेल्या अन्नाचा असतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसपट तापवतो. लसणाची ती पिशवी डोळ्यांत खुपते. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पाणी सुटून काळी पडलेली मेथीची जुडी आपण नाक मुरडून गुपचूप टाकून देतो आणि तिचा खोका कोणी मोजत नाही.

म्हणून खरा प्रश्न असा आहे: तुमच्या घरी काय फेकलं जातं? शिळ्या भाताला फोडणी पडते, कोथिंबिरीच्या काड्या चटणीत जातात, उरलेलं वरण दुसऱ्या दिवशी कणकेत मळून पराठे होतात, अशा घराला मिशिगनचा तो फायदा फारसा लागू होत नाही. अशा घरात किट म्हणजे निव्वळ जास्तीचं प्लॅस्टिक. उलट तुम्ही रविवारी इंडियन स्टोअरमध्ये जाऊन हौसेने मेथी, पालक, दोडका, गवार घेऊन येत असाल, सोमवारी साडेसहाला थकून घरी पोचत असाल, मंगळवारी पिझ्झा मागवत असाल आणि पुढच्या रविवारी अर्धी पिशवी कचऱ्यात रिकामी करत असाल, तर यजमानांचं म्हणणं तुमच्या घरापुरतं बरोबर ठरेल.

तुम्ही पत्रात हे लिहिलेलं नाही. म्हणून पुढचे दोन आठवडे एवढं करा. फ्रिजवर एक कागद लावा. जे जे अन्न टाकाल ते त्यावर लिहायचं: अर्धी जुडी पालक, दोन वाट्या भात, दह्याचा तळ, मुलीच्या डब्यातली परत आलेली पोळी. सालं, देठ, चहाचा चोथा लिहू नका, जे खाता आलं असतं तेवढंच. एक आठवडा किट मागवून आणि एक आठवडा न मागवता. न मागवण्याच्या आठवड्यात बाहेरून आलेलं जेवणही त्याच कागदावर लिहा, प्लॅस्टिकच्या डब्यांसकट. लिहायचं काम मुलीला द्या. नऊ वर्षांची मुलं अशा बाबतीत कोणालाही सूट देत नाहीत, आईलाही नाही.

त्याच कागदावर आणखी एक नोंद हवी: किटच्या आठवड्यात दुकानाची एखादी फेरी खरंच वाचली का? माझा अंदाज, नसेल वाचली. तीन रात्रींचं सामान खोक्यातून आलं तरी दूध, फळं, कणीक, मुलीच्या डब्याचं सामान आणायला जावंच लागतं. मग खोक्याचा ट्रक तुमच्या गाडीच्या जागी येत नाही, तिच्यावर भर घालतो. अभ्यासातला तो ११ आणि ४ टक्क्यांचा फरक अशा घरी जमेस धरता येत नाही.

एक गोष्ट या सगळ्या हिशेबाहून मोठी आहे: ताटात काय आहे. २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात जगभरच्या हजारो शेतांची माहिती एकत्र करून केलेला अभ्यास आला होता. त्यानुसार १०० ग्रॅम प्रथिनांमागे मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या बीफचा भार सरासरी ५० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा, आणि वाटाण्याचा अर्ध्या किलोहून कमी. एवढ्या फरकापुढे खोका आला की पिशवी, हा मुद्दा लहान होतो. तुम्ही बहुतेक शाकाहारी पदार्थ निवडता, म्हणजे मोठं काम आधीच झालेलं आहे. स्वतःला फार अपराधी समजू नका.

आता सासूबाईंचा प्रश्न, "हे कुठे परत जाणार?" सरळ उत्तर द्यायचं तर पुठ्ठा परत जातो, बाकीचं बहुतेक जात नाही. पुठ्ठा सपाट करून कोरडा ठेवला तर त्याचं रिसायकलिंग खरोखर होतं. लहान पिशव्या, सॉसच्या पुड्या, पातळ प्लॅस्टिक घरासमोरच्या रिसायकलिंगच्या डब्यात घालू नका. छाटणी केंद्रातल्या यंत्रांत ते गुंडाळलं जातं आणि यंत्रं बंद पडतात. स्वच्छ कोरड्या पिशव्या काही सुपरमार्केटच्या दाराशी ठेवलेल्या पेटीत टाकता येतात. सॉसच्या पुड्या मात्र कचऱ्यातच जाणार, त्याला इलाज नाही.

बर्फाच्या पाकिटांचं नीट पाहा. काहींत नुसतं पाणी असतं, ते झाडांना घालून पिशवी वेगळी करता येते. बऱ्याच पाकिटांतला चिकट गोळा मात्र पाणी आणि सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचा असतो. बाळांच्या डायपरमध्ये पाणी शोषून घेतो तोच हा पदार्थ. तो सिंकमध्ये ओतू नका, पाणी पिऊन फुगतो आणि नळी तुंबते. पाकिटावर काय छापलंय ते वाचून ठरवा. चार पाकिटं फ्रीझरमध्ये ठेवा, सहलीला आणि मुलीच्या उन्हाळी शिबिराच्या डब्याला कामी येतात. पण दर आठवड्याला दोन येत असतील तर वर्षाला शंभर होतात, आणि इतक्या सहली कोणी काढत नाही. न्यू जर्सीत मे २०२२ मध्ये दुकानांतल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद झाल्या, तेव्हा घरपोच किराणा मागवणाऱ्यांकडे जाड, टिकाऊ पिशव्यांचे ढीग साचले होते, आठवत असेल तुम्हाला. टिकाऊ वस्तू एकदाच वापरून पडून राहिली तर ती पातळ पिशवीपेक्षा महाग पडते. या पाकिटांचं तेच आहे.

सासूबाईंच्या बोलण्यात राग ऐकू नका. मुंबईत १८९० पासून डबेवाले डबा पोचवताहेत आणि तोच डबा परत आणताहेत. ज्या बाईने आयुष्यभर तो डबा घासून परत भरला, तिला चमचाभर सॉसची पुडी पाहून धक्का बसणारच. त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे: या धंद्यात परत जाण्याची वाटच ठेवलेली नाही. हे त्यांना तोंडावर सांगा. "आई, तुम्ही म्हणता ते खरंय, पुठ्ठ्याशिवाय काही परत जात नाही, म्हणूनच आम्ही हिशेब मांडतोय," एवढं म्हटलंत तरी निम्मा ताण उतरेल. आणि एक विनंती. "आई दिवसभर घरीच आहेत, त्याच भाज्या निवडून-चिरून ठेवतील, किट कशाला हवं?" असं कोणी सुचवलं तर तो सल्ला घेऊ नका. त्या नातीसोबत राहायला आल्या आहेत. हौसेने मटार सोलायला बसल्या तर आनंदाने बसू द्या, पण घराची घडी त्यांच्या कष्टांवर बसवू नका. सहा महिन्यांनी त्या परत जातील आणि घडी पुन्हा विस्कटेल.

आता बीपी. इथे मी काळजीने लिहिते आहे, कारण तुमच्या दोन्ही मैत्रिणी आपापल्या जागी बरोबर आहेत आणि त्यामुळे तुमचा गोंधळ झाला आहे. जिच्या घरी किटने पिझ्झा आणि चायनीज हटवलं, तिला फायदा झाला यात नवल नाही. ठरावीक वाढणी, ताटात भाजी, घरी शिजवलेलं. पण बीपी असलेल्या माणसाच्या ताटात मीठ वेगळं मोजावं लागतं.

अमेरिकेच्या आहार मार्गदर्शिकेत मोठ्या माणसासाठी दिवसाला २,३०० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सांगितलं आहे. हे साधारण एक चहाचा चमचा मीठ झालं, दिवसभराचं आणि सगळं धरून. अमेरिकन हार्ट असोसिएशन बहुतेक मोठ्या माणसांसाठी, विशेषतः बीपी असलेल्यांसाठी, १,५०० हे आदर्श मानते. किटच्या पदार्थांत एका वाढणीत हजारच्या आसपास किंवा त्याहून जास्त सोडियम सर्रास दिसतं. शाकाहारी म्हणून ते कमी असेल असं समजू नका. सोया सॉस, चीज, तयार मसाल्याची पुडी, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ती 'स्टॉक कॉन्सन्ट्रेट'ची, म्हणजे सूपच्या घट्ट अर्काची, इवलीशी पुडी, मीठ या सगळ्यांत दडलेलं असतं. त्यात कार्डावर दर दोन पायऱ्यांनी "मीठ-मिरी घाला" छापलेलं. नवखा माणूस कार्ड शब्दशः पाळतो. तुमचे यजमान नवखे आहेत, तेव्हा तेही पाळत असणार.

पुढचा खोका आला की त्यांच्याबरोबर ओट्याशी उभ्या राहा आणि एक कार्ड हातात घ्या. पोषणाच्या तक्त्यात सोडियमची ओळ शोधा. टक्केवारी दिली असेल तर ५ किंवा कमी म्हणजे थोडं, २० किंवा जास्त म्हणजे भरपूर. ही खूण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची आहे आणि कुठल्याही पाकिटावर चालते. मग पेनने कार्डावरची मिठाची प्रत्येक सूचना खोडा. स्टॉकची पुडी अर्धीच फोडा, सोया सॉस निम्मा घ्या, वरून लिंबू पिळा, भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला, हिरवी मिरची घाला. चव शेवटी बघायची आणि लागलंच तर चिमूट टाकायची. मेनू निवडतानाच सोडियमचा आकडा दिसत असेल तर ६०० च्या वरचं निवडूच नका. तुमच्याकडे बहुतेक आठवड्यांत पर्याय असतात.

तव्यावर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नुसतं गरम करायचं तयार जेवण हल्ली याच धंद्यातल्या कंपन्या विकतात. यजमानांचा डोळा तिकडे वळला तर अडवा. त्यात मीठ आधीच पडलेलं असतं, तुमच्या हातात काही उरत नाही.

आणि किटला दोष देताना आपलं ताटही बघा. लोणच्याची फोड, दोन पापड, चिवड्यावर शेव, आमटीत मीठ, पोळीच्या कणकेत मीठ. आमच्या पिढीतल्या कितीतरी घरांत बीपी निघाल्यावर हॉटेल बंद झालं, लोणच्याची बरणी मात्र टेबलावर तशीच राहिली. दुसरं म्हणजे भाजीचं प्रमाण. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी जी आहारसूत्रं दिली, त्यांत २,००० कॅलरींच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आहेत. आपल्या नेहमीच्या वरण-भात, बटाट्याची भाजी, पोळी अशा जेवणात ४०० ग्रॅम भाज्या दिवसभरात होतात का, हे एकदा वजनकाट्यावर घालून बघा. किटच्या ताटात भाजीचा ढीग असेल तर त्यातून तेवढं शिकायला हरकत नाही. कमी सोडियमचं मीठ आणायचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. त्यात पोटॅशियम असतं, आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते बाधू शकतं.

आता तो शेवटचा परिच्छेद.

मील किट जन्माला आलं ते एका प्रश्नातून: आज रात्री काय करायचं? २००७ मध्ये स्टॉकहोममध्ये पहिली अशी सेवा निघाली, २०११ मध्ये बर्लिनमध्ये हॅलोफ्रेश, २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ब्लू एप्रन. भाजी तर दुकानातही मिळत होती. लोकांनी पैसे मोजले ते ठरवण्याच्या कटकटीतून सुटण्यासाठी. घरात काय संपलंय, काय उद्यापर्यंत टिकणार नाही, कोणाला काय आवडत नाही, कुकर किती वाजता लावला तर जेवण वेळेवर होईल, हे सगळं डोक्यात वागवणं हे मोठं काम आहे. ते दिसत नाही, त्याचं कौतुक होत नाही, आणि आपल्या घरांत ते बाईच्या डोक्यात असतं. तुमच्या घरी बारा वर्षं ते तुमच्या डोक्यात होतं. तीन रात्रींपुरतं ते खोक्याने उचललं.

मग यजमान ओट्याशी का उभे राहिले? त्यांना एकाएकी स्वयंपाकाची गोडी लागली असेलही, पण मला दुसरं कारण दिसतं. निर्णय झालेला, सामान समोर, पायऱ्या लिहिलेल्या, वेळ छापलेली. कोणाला "हळद कुठे आहे?" विचारायला नको, आणि "अशी नाही चिरायची" हेही ऐकायला नको. तुम्ही किंवा सासूबाई बाजूला उभं राहून सूचना करत नाही ना, हे जरा आठवून बघा. कार्ड टोमणा मारत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

तेव्हा तुमची भीती खरी आहे, पण वाचवायचं काय ते ओळखा. खोका जाऊ दे, त्या दोन-तीन रात्री त्यांच्याच राहू देत. त्या रात्रींचं ठरवणं, आणणं, शिजवणं, भांडी आवरणं सगळं त्यांचं. "मदत करतो" हा शब्द घरातून काढून टाका. मदत म्हटलं की काम पुन्हा तुमचं होतं.

हे एकदम होणार नाही. आधी तीनऐवजी दोन जेवणांचा पर्याय असेल तर तो घ्या, आणि तिसऱ्या रात्रीसाठी जुन्या कार्डांपैकी एक निवडा. समजा काबुली चणे, टोमॅटो, पालक आणि नारळाच्या दुधाचा एखादा रस्सा. तो खोक्याशिवाय करायचा. चणे शनिवारी रात्री त्यांनीच भिजवायचे, दीड वाटी. कार्डावर 'एक पुडी मसाला' लिहिलंय तिथे धणे-जिरे पूड एक चमचा आणि तिखट अर्धा चमचा असं पेनने लिहायचं. पालकाची एकच जुडी आणायची आणि त्याच रात्री संपवायची. पहिल्या वेळी चणे कडक राहतील कदाचित. गप्प बसा आणि जेवा. सासूबाईंनाही आधीच सांगून ठेवा.

दुसरं कार्ड आपल्या घरातलं हवं. मुगाची उसळ आणि भाकरी, पिठलं-भात, मसालेभात, दडपे पोहे. हे तुमच्या आणि सासूबाईंच्या हातात आहे, पण "अंदाजाने घाल" असं लिहिलेलं नवख्या माणसाच्या उपयोगाचं नाही. सासूबाई पिठलं करतील तेव्हा मुलीने शेजारी बसून बेसन किती वाट्या, पाणी किती, फोडणीत काय आधी पडतं, गॅस कधी बारीक होतो हे लिहून घ्यावं. बेसन वाटीने मोजा, मीठ चमच्याने, आणि मीठ मोजताना बीपी डोक्यात असू द्या. अशी दहा-बारा कार्डं जमली की तुमच्या घरचं किट तयार होईल, आणि त्यातली सगळी वेष्टनं स्टीलच्या डब्यांची असतील. सासूबाईंना यात पाहुण्या म्हणून नव्हे, जाणत्या म्हणून जागा मिळते. कचऱ्यावर बोलत राहण्यापेक्षा हे काम त्यांना नक्की आवडेल असं मला वाटतं.

पैशांचं मी फार बोलत नाही, तुम्ही विचारलेलं नाही. पण एका माणसाच्या एका जेवणाला साधारण ९ ते १३ डॉलर आणि वर पोचवायचे वेगळे, हा भाव आहे. दीड वाटी काबुली चण्यांचा भाव तुम्हाला माहीतच आहे. सुरुवातीची सवलत संपली की पुष्कळ लोक किट सोडतात, ते याच कारणाने.

त्या कागदावरच्या दोन आठवड्यांनंतर काय निघतं ते पाहून ठरवा. किटच्या आठवड्यात फेकलेलं अन्न स्पष्टपणे कमी दिसलं आणि पिझ्झाही थांबला, तर आणखी काही महिने महिन्यातून दोन खोके घ्यायला मला काही गैर वाटत नाही. नव्या भाज्या, नवी कार्डं शिकण्यापुरते. फरक पडला नाही तर बंद करा. आणि बाकी काहीही निघालं तरी बीपीची नोंद यजमानांनी स्वतः ठेवायची, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, सकाळी, चहाच्या आधी, आणि पुढच्या भेटीत ती डॉक्टरांना दाखवायची.

बंद करताना लक्षात ठेवा, बहुतेक किटचं सभासदत्व आपोआप चालू राहतं. पुढच्या खोक्याला नकार द्यायची मुदत तो येण्याच्या काही दिवस आधीच संपते, आणि ती चुकली की पैसे कापले जाऊन खोका दारात येतो. खात्यात जाऊन पुढचे सगळे आठवडे तपासा, 'थांबवा' आणि 'रद्द करा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पाहा, आणि रद्द झाल्याचा ईमेल आल्याशिवाय काम झालं असं समजू नका.